विश्लेषण : मरणाऱ्या रुग्णाच्या वेदनेची नोंद ठेवणाऱ्या सिसिली साँडर्स कोण होत्या?

जगात दर वर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना पॅलिएटिव्ह केअरची गरज असते आणि त्यातील १४ टक्क्यांच्या आसपास रुग्णांनाच ती मिळते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गंभीर किंवा बऱ्या न होणाऱ्या आजारात रुग्णाची वेदना, धाप, मळमळ, भीती आणि घरच्यांची ओढाताण कमी करणारी ही वैद्यकशाखा. आज तिच्यासाठी स्वतंत्र नियतकालिके आहेत, विद्यापीठांत विभाग आहेत, अनेक देशांत मिळून चाचण्या होतात. पण सत्तर वर्षांपूर्वी हा संशोधनाचा विषय होऊ शकतो, हे फारसे कुणाच्या गावीही नव्हते. ते करून दाखवणाऱ्या ब्रिटिश डॉक्टर सिसिली साँडर्स यांच्या आयुष्याचा आणि त्यांच्यापासून सुरू झालेल्या संशोधनाचा हा मागोवा.

त्या काळी नेमके काय होत असे?

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णाला मॉर्फिन मिळत नव्हते, असे नाही. पण ते मागितल्यावर मिळे. आधी दुखायचे, सहन होईनासे झाले की परिचारिकेला हाक मारायची, मग इंजेक्शन. चार तासांत त्याचा अंमल उतरे आणि पुन्हा तीच घालमेल सुरू होई. रुग्णाचे निम्मे लक्ष घड्याळाकडे आणि निम्मे दाराकडे.

यामागे डॉक्टरांचा निष्ठुरपणा नव्हता, भीती होती. लवकर मॉर्फिन सुरू केले तर व्यसन लागेल, मात्रा वाढवत न्यावी लागेल आणि खरी गरज पडेल तेव्हा औषध लागूच पडणार नाही, असे मानले जाई. त्यामुळे शक्य तितका उशीर करायचा, हाच शहाणपणा ठरला होता. शिवाय वॉर्डातून फेरी मारणारे मोठे डॉक्टर अशा खाटेपाशी फार वेळ थांबत नसत. करण्यासारखे काही उरलेले नाही, असे एकदा ठरले की तो रुग्ण वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने संपलेलाच असे.

परिचारिका ते समाजसेविका

सिसिली साँडर्स यांचा जन्म २२ जून १९१८ रोजी लंडनच्या उत्तरेकडील बार्नेट येथे झाला. वडील मालमत्तांच्या खरेदी-विक्रीच्या व्यवसायातले, घर सधन; पण आईवडिलांचे एकमेकांशी पटत नव्हते. रोडीन या नामांकित निवासी शाळेत ही उंच, लाजाळू मुलगी एकटीच पडे. पाठीच्या कण्यात थोडा बाक होता, त्याचा त्रास आयुष्यभर पुरला.

ऑक्सफर्डमध्ये राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र शिकत असताना युद्ध पेटले. शिक्षण अर्धवट सोडून १९४० मध्ये त्या लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकेचे प्रशिक्षण घ्यायला गेल्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी सुरू केलेली ही शाळा. काम मनासारखे होते, पण पाठ साथ देईना. १९४४ मध्ये परिचारिका म्हणून पात्र ठरल्या आणि लगेचच त्यांना ते काम सोडावे लागले. मग पुन्हा ऑक्सफर्ड, पदवी, आणि लेडी अल्मोनर हा नवा पेशा. लेडी अल्मोनर म्हणजे आजच्या भाषेत रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेविका. रुग्ण घरी गेल्यावर त्याला कोण बघणार, पैशांचे काय, कागदपत्रांचे काय, ही सगळी व्यवस्था लावणारी व्यक्ती.

वरवर पाहता ही धरसोड वाटते. पुढे मात्र यातले काहीच वाया गेले नाही. अंथरूण कसे बदलावे हे त्यांना माहीत होते आणि घरात कमावणारा माणूस आजारी पडला की काय काय कोसळते, हेही.

५०० पौंड आणि एक खिडकी

समाजसेविका म्हणून काम करताना त्यांची गाठ डेव्हिड तास्मा या रुग्णाशी पडली. वॉर्साहून आलेला हा पोलिश ज्यू निर्वासित लंडनमध्ये वेटरचे काम करत होता. वय चाळीस, शस्त्रक्रियेने बरा न होणारा कॅन्सर. लंडनमध्ये त्याचे म्हणावे असे जवळचे कोणी नव्हते. साँडर्स त्याला वारंवार भेटायला जात आणि गर्दीच्या वॉर्डात दोघे बोलत बसत. अशा माणसासाठी याहून वेगळी जागा असायला हवी, ती कशी असावी, हा त्यांच्या बोलण्याचा एक विषय होता. आपल्या आयुष्याला काही अर्थ होता का, आपल्यामागे काय राहणार, हा तास्माचा प्रश्न होता आणि त्यावर कुठलीच गोळी नव्हती. त्याला शेजारी बसणाऱ्याकडून ज्ञान हवे होते आणि मायाही हवी होती.

फेब्रुवारी १९४८ मध्ये तास्मा गेला. जाताना त्याने साँडर्स यांना ५०० पौंड ठेवले. त्या उभारतील त्या घरात आपण एक खिडकी व्हावे, अशी त्याची इच्छा होती. घराचा तेव्हा पत्ताच नव्हता. ते उभे राहायला पुढे एकोणीस वर्षे लागली.

या दोघांत प्रेम होते, असे साँडर्स यांच्या चरित्रांत नमूद आहे. आजच्या व्यावसायिक नीतिनियमांत ते बसले नसते. साँडर्स यांनी मात्र ते कधी लपवले नाही. एका रुग्णाच्या जवळ जाऊन त्याला नीट पाहिल्यामुळेच पुढचे सगळे सुचले, असे त्यांनी आयुष्यभर मानले.

तेहतिसाव्या वर्षी डॉक्टर व्हायला का निघाल्या?

तास्माच्या मृत्यूनंतर त्या लंडनमधील सेंट ल्यूक्स या मरणासन्न रुग्णांच्या रुग्णालयात संध्याकाळी स्वयंसेविका म्हणून जाऊ लागल्या. तिथे त्यांना एक वेगळीच पद्धत दिसली. मॉर्फिन तोंडावाटे, पातळ औषधाच्या रूपात आणि दर चार तासांनी ठरल्याप्रमाणे दिले जाई. आधीच्या मात्रेचा अंमल उतरण्याच्या आत पुढची. वेदना सुरू होण्याची वाटच पाहायची नाही. इथले रुग्ण घड्याळाकडे डोळे लावून बसलेले नव्हते.

ही पद्धत तिथे वर्षानुवर्षे चालू होती. पण तिच्यावर कोणी शास्त्रीय पद्धतीने काम केले नव्हते, म्हणून बाहेरच्या जगाने तिची दखलही घेतली नव्हती. परिचारिका किंवा समाजसेविका म्हणून हे सांगायला गेलो तर डॉक्टर ऐकणार नाहीत, हे साँडर्स यांच्या लक्षात आले. त्या वेळी ज्यांच्याकडे त्या काम करत होत्या त्या नॉर्मन बॅरेट या शल्यचिकित्सकांनी त्यांना स्पष्ट सल्ला दिला, की मरणाऱ्याला सोडून जातात ते डॉक्टरच, तेव्हा आधी डॉक्टर हो. १९५१ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, त्यांनी सेंट थॉमसच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. वर्गातली बाकीची मुले त्यांच्याहून बरीच लहान. १९५७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या तेव्हा चाळिशी जवळ आली होती.

११०० रुग्णांच्या नोंदींनी काय सांगितले?

१९५८ मध्ये साँडर्स यांना सेंट मेरीज रुग्णालयाच्या औषधशास्त्र विभागात संशोधनवृत्ती मिळाली. विषय होता, बऱ्या न होणाऱ्या कॅन्सरमधील वेदना. प्रत्यक्ष काम मात्र पूर्व लंडनमधील हॅकनी येथील सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये. आयरिश जोगिणी चालवत असलेली ही संस्था १९०५ पासून होती. सेवा मनापासून होत होती, पण रुग्णांच्या तपशीलवार वैद्यकीय नोंदी ठेवण्याची रीत नव्हती. साँडर्स यांनी दोन गोष्टी सुरू केल्या. दर चार तासांनी औषध आणि प्रत्येक रुग्णाची नोंद.

संगणक हाताशी नसण्याचा तो काळ. कडेला भोके असलेल्या कार्डांवर त्या प्रत्येकाची माहिती भरत. हवी ती भोके कापायची आणि मग गठ्ठ्यातून लांब सुई घालून हवी ती कार्डे वेगळी काढायची, अशी ती पद्धत. कुठे दुखते, कोणते औषध, किती, किती दिवस, उलटी होते का, झोप लागते का, शेवट कसा झाला. याशिवाय टेपरेकॉर्डर ठेवून त्या रुग्णांचे बोलणेही टिपून घेत. सात वर्षांत सुमारे ११०० रुग्णांची अशी माहिती जमली.

नोंदींतून जे दिसले ते रूढ समजुतीच्या उलट होते. नियमित आणि पुरेसे मॉर्फिन मिळालेल्या रुग्णांची मात्रा वाढतच गेली, असे झाले नाही. अनेकांची ती आठवडेच्या आठवडे स्थिर राहिली. व्यसनाची अडचण प्रत्यक्षात आलीच नाही. रुग्ण गुंगीत पडून राहण्याऐवजी जागे होते, बोलत होते, काही जण तर घरीही जाऊन आले. औषधासाठीची तडफड ही मॉर्फिनमुळे नव्हती, ते तोलूनमापून उशिरा देण्यामुळे होती.

काटेकोरपणे पाहिले तर ही आजच्या अर्थाने चाचणी नव्हती. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, औषध देणारी आणि नोंद ठेवणारी व्यक्ती एकच होती. पण या विषयावर बोलणाऱ्या बहुतेकांकडे तेव्हा फक्त मत होते. साँडर्स यांच्याकडे कार्डांचा गठ्ठा होता. काळही अनुकूल होता. मळमळ, नैराश्य, सूज यांवरची कितीतरी नवी औषधे १९५० च्या दशकातच हाती आली होती.

‘टोटल पेन’ म्हणजे काय?

टेपवरच्या बोलण्यात त्यांना आणखी काही सापडले. कुठे दुखते असे विचारल्यावर एका रुग्ण बाईंनी पाठीपासून सुरुवात केली आणि बोलता बोलता नवरा, मुलगा, त्यांची बुडणारी मजुरी, आपल्याला कोणी समजून घेत नसल्याची भावना, इथवर त्या पोहोचल्या. प्रश्न शरीराचा होता, उत्तर सगळ्या संसाराचे आले.

१९६० च्या दशकाच्या मध्याला साँडर्स यांनी यालाच टोटल पेन, म्हणजे समग्र वेदना, असे नाव दिले. शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक, असे तिचे चार पदर. ते एकमेकांत इतके गुंतलेले असतात की एकच सोडवून भागत नाही. उद्या मुलांचे काय, या काळजीने रात्रभर जागणाऱ्याला मॉर्फिनची मात्रा कितीही वाढवली तरी पुरी पडत नाही. आज पॅलिएटिव्ह केअरच्या पथकात डॉक्टर आणि परिचारिकेबरोबर समाजसेवक आणि समुपदेशक असतात, त्याचे मूळ इथे आहे. वेदना मोजण्याच्या आजच्या प्रश्नावल्यांत कुटुंबाची काळजी, मनःशांती असे प्रश्न असतात तेही याच विचारातून.

स्वतः साँडर्स यांना या काळात तीन आघात सोसावे लागले. सेंट जोसेफ्समधील आंतोनी मिखनिएविच या पोलिश रुग्णावर त्यांचे प्रेम जडले होते. १९६० मध्ये तो गेला. पुढच्याच वर्षी वडील गेले आणि एक जिवलग रुग्ण मैत्रीणही. एका शोकातून दुसरा वेगळा काढता येईना, अशी त्यांची अवस्था झाली. मागे राहिलेल्यांच्या दुःखालाही सेवेत जागा हवी, हा आग्रह केवळ पुस्तकातून आलेला नव्हता.

सेंट ख्रिस्तोफर्स कसे उभे राहिले?

पैसे जमवायला, जागा मिळवायला आणि लोकांना पटवायला वर्षे गेली. अखेर जुलै १९६७ मध्ये दक्षिण लंडनमधील सिडनहॅम येथे ५४ खाटांचे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झाले. प्रवाशांच्या संताचे नाव त्याला दिले. दर्शनी भागात तास्माची काच बसवली गेली. साँडर्स स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. पण दार कोणत्याही धर्माच्या आणि कोणताच धर्म न मानणाऱ्या रुग्णालाही उघडे राहील, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवले.

मरणाऱ्यांसाठीची घरे त्याआधीही होती. सेंट ख्रिस्तोफर्सचे वेगळेपण हे, की सेवा, शिक्षण आणि संशोधन ही तिन्ही कामे तिथे पहिल्या दिवसापासून एकाच छपराखाली होती. सरकारी आरोग्यसेवेच्या थेट अखत्यारीत न जाता धर्मादाय संस्था म्हणून राहण्याचा निर्णयही विचारपूर्वक होता. बाहेर राहून मोकळेपणाने प्रयोग करायचे आणि जे सिद्ध होईल ते मोठ्या रुग्णालयांना द्यायचे. १९६९ पासून हॉस्पिसच्या परिचारिका रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या.

मानसोपचारतज्ज्ञ कॉलिन मरे पार्क्स यांनी इथे वेगळेच काम केले. रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याच्या पती किंवा पत्नीशी बोलून त्यांनी हॉस्पिसमधील आणि आसपासच्या रुग्णालयांतील अनुभवांची तुलना केली. सुरुवातीच्या वर्षांत वेदनेच्या बाबतीत हॉस्पिस स्पष्टपणे पुढे होते. दहा वर्षांनी हाच अभ्यास पुन्हा केला तेव्हा ही तफावत जवळपास मिटलेली आढळली, कारण रुग्णालयांतच वेदनाशमन सुधारले होते. स्वतःच्या संस्थेचे वेगळेपण ओसरत चालले आहे, हे यश मानणारी संस्था विरळाच.

स्वतःचाच समज खोटा ठरला तेव्हा

सेंट ख्रिस्तोफर्समध्ये मॉर्फिनपेक्षा डायमॉर्फिनला, म्हणजेच हेरॉइनला, पसंती होती. ते अधिक सौम्य, त्याने मळमळ कमी, असा साँडर्स यांचाही समज होता. ब्रिटनमध्ये हे औषध कायदेशीर होते, पण बहुतेक देशांत त्यावर बंदी होती. म्हणजे ही सेवा हेरॉइनवर अवलंबून असती, तर ती ब्रिटनबाहेर जाणेच कठीण.

१९७१ मध्ये रॉबर्ट ट्वायक्रॉस हे तरुण डॉक्टर संशोधक म्हणून हॉस्पिसमध्ये आले. त्यांनी रुग्णांचे दोन गट करून तुलना केली. कोणाला कोणते औषध चालू आहे, हे रुग्णाला किंवा डॉक्टरांना कळणार नाही अशी व्यवस्था होती. साधारण दोन आठवड्यांनी औषधांची अदलाबदल. चाचणीत ६९९ रुग्ण दाखल झाले, पण अदलाबदलीपर्यंत फक्त १४६ पोहोचले. मरणासन्न माणसांवर संशोधन करणे का अवघड, हे या एका आकड्यात आहे. निष्कर्ष १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडावाटे, नियमित आणि योग्य मात्रेत दिले तर दोन्ही औषधांत महत्त्वाचा फरक नाही.

त्या काळी ‘ब्रॉम्प्टन कॉकटेल’ नावाचे मिश्रण प्रसिद्ध होते. त्यात मॉर्फिन किंवा हेरॉइनबरोबर कोकेन, मद्य आणि सरबत असे. कॅनडातील अभ्यासात साध्या मॉर्फिनच्या द्रावणापेक्षा या मिश्रणाचा जास्त उपयोग दिसला नाही. ट्वायक्रॉस यांनाही कोकेनचा फायदा नगण्य आढळला. थोडक्यात, लागत होते ते साधे, स्वस्त, कुठेही बनवता येणारे मॉर्फिन. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांची प्रसिद्ध तीन पायऱ्यांची शिडी जाहीर केली, तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे आणि ते तोंडावाटे व घड्याळाप्रमाणे द्यावे, असे तिचे तत्त्व आहे. सेंट ल्यूक्समध्ये संध्याकाळी मदतीला जाणाऱ्या स्वयंसेविकेने पाहिलेली गोष्ट अशी जगाच्या पाठ्यपुस्तकात आली.

हॉस्पिसपासून पॅलिएटिव्ह केअरपर्यंत

१९६३ मध्ये साँडर्स पहिल्यांदा अमेरिकेत गेल्या. येल विद्यापीठात त्यांचे व्याख्यान ऐकून तिथल्या परिचर्या विभागाच्या प्रमुख फ्लॉरेन्स वॉल्ड इतक्या प्रभावित झाल्या, की पुढे त्यांनी अमेरिकेतील हॉस्पिस चळवळीचा पाया घातला. कॅनडाचे शल्यचिकित्सक बॅल्फोर माउंट सेंट ख्रिस्तोफर्समध्ये शिकून गेले आणि १९७५ मध्ये मॉन्ट्रियलच्या मोठ्या रुग्णालयातच त्यांनी असा वॉर्ड काढला. तिथल्या फ्रेंच भाषेत हॉस्पिस म्हणजे निराधारांचा आश्रम. म्हणून माउंट यांनी पॅलिएटिव्ह केअर हे नाव रूढ केले. १९८७ मध्ये ब्रिटनने या शाखेला स्वतंत्र वैद्यकीय विशेषज्ञता म्हणून मान्यता दिली.

संशोधनाची दिशाही बदलत गेली. १९९५ मध्ये अमेरिकेतील पाच रुग्णालयांतील ९१०५ गंभीर रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. शुद्धीत असताना मरण पावलेल्यांपैकी निम्म्या रुग्णांना अखेरच्या दिवसांत बराच काळ मध्यम ते तीव्र वेदना होत्या, असे घरच्यांनी सांगितले. त्याच अभ्यासात प्रशिक्षित परिचारिका नेमून डॉक्टरांना रुग्णाची इच्छा आणि आजाराचा अंदाज कळवण्याचा प्रयोगही झाला. परिस्थितीत फरक पडला नाही. माहिती पोहोचली म्हणून वागणे बदलतेच असे नाही, हा धडा जगाला महागात मिळाला.

२०१० मध्ये बॉस्टनहून आलेल्या अभ्यासाने वेगळीच खळबळ उडवली. फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांपैकी काहींना निदानानंतर लगेच नेहमीच्या उपचारांबरोबर पॅलिएटिव्ह केअर दिली गेली. त्यांचे जगणे अधिक सुसह्य झाले, नैराश्य कमी आढळले. शेवटच्या दिवसांतले जबर उपचार कमी होऊनही त्यांचे मध्यमान आयुष्य ११.६ महिने भरले, दुसऱ्या गटाचे ८.९. आयुष्य वाढवणे हा या अभ्यासाचा मुख्य हेतू नव्हता आणि पुढच्या सगळ्या अभ्यासांत तसे दिसलेही नाही. पण सगळे उपाय थकल्यावर पॅलिएटिव्ह, हा क्रम तेव्हापासून मोडू लागला.

सगळेच सरळ झाले, असेही नाही. हॉस्पिसची पद्धत साध्या रुग्णालयांत नेण्यासाठी ब्रिटनमध्ये ‘लिव्हरपूल केअर पाथवे’ ही कार्यपद्धती आली. अनेक ठिकाणी ती तक्त्यातल्या चौकोनांत खुणा करण्यापुरती उरली, घरच्यांना विश्वासात घेतले गेले नाही, तक्रारी वाढल्या. २०१३ च्या स्वतंत्र चौकशीनंतर ती बंद करण्यात आली. अमेरिकेत त्याहून मोठा अनर्थ झाला. इस्पितळातल्या रुग्णांबद्दलचे १९८० मधील पाच वाक्यांचे एक पत्र व्यसन विरळ असल्याचा पुरावा म्हणून शेकडो वेळा उद्धृत झाले आणि जुनाट दुखण्यांसाठी अफूजन्य गोळ्यांची खैरात झाली. बघता बघता मॉर्फिनची जुनी भीती परतली आणि तिचा फटका मरणासन्न रुग्णांनाही बसला.

भारतात हे कधी आले?

भारतातील पहिले हॉस्पिस मुंबईत सुरू झाले. कॅन्सरतज्ज्ञ डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ मध्ये वांद्रे येथे शांती अवेदना सदन स्थापन केले; पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा निघाल्या. पण आदल्याच वर्षी अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा आला होता. मॉर्फिनसाठी एकाच वेळी अनेक परवाने लागू लागले, एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा मिळत नसे. रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. १९९७ पर्यंत देशातील त्याचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरून वर्षाला अवघ्या १८ किलोवर आला. औषधासाठी कायदेशीर अफू पिकवून निर्यात करणाऱ्या देशात.

१९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या संस्थेने दुसरी वाट काढली. महागडे हॉस्पिस बांधण्याऐवजी गावातल्या स्वयंसेवकांच्या मदतीने घरोघरी सेवा. ट्वायक्रॉस यांच्या ऑक्सफर्डच्या केंद्राचे मार्गदर्शन त्यांना लाभले, म्हणजे सेंट ख्रिस्तोफर्सचा धागा थेट केरळपर्यंत पोहोचतो. २००८ मध्ये केरळ सरकारने यासाठी स्वतंत्र धोरण आणले. पुण्यात वारजे येथे १९९७ मध्ये सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर उभे राहिले. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये २०१२ पासून या विषयात एमडी करता येते. २०१४ मध्ये एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांचा गुंता कमी झाला.

तरीही आकडे बोलके आहेत. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०१७ च्या अहवालानुसार जगात वाटप झालेल्या २९८.५ टन अफूजन्य वेदनाशामकांपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला फक्त ०.१ टन आले. भारतात गरजेच्या ४ टक्केच भागत होते. मॉर्फिन सर्वांत कमी भावाने मिळाले, तर जगभरची तूट भरून काढायला वर्षाला साधारण १४.५ कोटी डॉलर पुरतील, असा त्याच आयोगाचा हिशेब होता. एखाद्या मोठ्या शहराच्या मेट्रोपुढे ही रक्कम किरकोळ म्हणावी लागेल.

अखेरची वर्षे

साँडर्स इच्छामरणाच्या कायद्याला कायम विरोध करत राहिल्या. वेदना नीट हाताळली तर मरण मागणाऱ्यांची संख्या खूप घटेल, असे त्या मांडत. मात्र विरोधकांशी त्यांचा संवाद तुटला नाही. इच्छामरणाच्या बाजूने काम करणाऱ्या शास्त्रज्ञाशी त्यांची मैत्री होती. १९८१ मध्ये त्यांना टेम्पलटन पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा ब्रिटनचा मोठा सन्मान.

त्यांच्या आयुष्यातला तिसरा पोलिश माणूस म्हणजे चित्रकार मारियान बोहूश-शिश्को. १९६३ मध्ये एका प्रदर्शनात त्यांचे चित्र साँडर्स यांनी विकत घेतले, तिथून ओळख झाली. १९८० मध्ये लग्न झाले तेव्हा साँडर्स एकसष्ट वर्षांच्या होत्या, नवरा त्यांच्याहून सतरा-अठरा वर्षांनी मोठा. त्याची चित्रे हॉस्पिसच्या भिंतींवर लागली आणि १९९५ मध्ये तिथेच त्याची अखेर झाली.

पुढे साँडर्स यांना स्तनांचा कॅन्सर झाला. १४ जुलै २००५ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, सेंट ख्रिस्तोफर्समध्येच त्यांचे निधन झाले. त्याच्या तीन वर्षे आधी त्यांनी या विषयातील संशोधनासाठी एक धर्मादाय संस्था काढली होती. तिच्या आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या प्रयत्नांतून २०१० मध्ये सिसिली साँडर्स इन्स्टिट्यूट सुरू झाली.

तिथले आजचे एक मोठे काम धापेवर आहे. फुप्फुसे किंवा हृदय निकामी होत आलेल्या रुग्णाचा जीव अक्षरशः गुदमरतो, आणि वेदनेवर जसे मॉर्फिन तसे धापेवर खात्रीचे औषध अजून नाही. कमी मात्रेतील नियमित मॉर्फिनने सीओपीडीच्या रुग्णांची धाप कमी होते का, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी पाहिले. २०२२ च्या निष्कर्षात फरक आढळला नाही. मिर्टाझापिन हे नैराश्यावरचे औषध अनेक डॉक्टर धापेसाठी देऊ लागले होते. किंग्ज कॉलेजच्या पुढाकाराने सात देशांतील २२५ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. २०२४ मध्ये निकाल आला, की त्याने धाप कमी होत नाही आणि दुष्परिणाम मात्र थोडे वाढतात. पंखा, श्वसनाचे व्यायाम, बसण्याच्या सोयीच्या पद्धती आणि घरच्यांना दिलेले प्रशिक्षण यांवर तिथे आता काम सुरू आहे.